सुट्टीत नेलेले बूट

माझे पळायचे बूट भरपूर फिरलेत, फक्त पायात नाही, बॅगेत. दर मोठ्या सुट्टीला मी ते प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळतो, पिशवीला गाठ मारतो आणि बॅगेच्या तळाशी ठेवतो, आणि सुट्टी संपवून घरी आलो की बॅग उपसताना तीच पिशवी त्याच गाठीसकट बाहेर येते. एका वर्षी तर ती गाठ इतकी घट्ट बसली होती की शेवटी कात्रीने कापावी लागली.

नेताना मात्र मला दरवेळी अगदी मनापासून वाटत असतं की यावेळी रोज पहाटे उठून पळणार, घरी ४० मिनिटं तर तिथेही ४० मिनिटं. पहिल्या दिवशी प्रवासाचा शीण असतो, दुसऱ्या दिवशी रात्री दोनपर्यंत गप्पा झालेल्या असतात, आणि तिसऱ्या दिवशी मी स्वतःलाच समजावतो की आता राहिलेच किती दिवस, घरी गेलो की एक तारखेपासून जोरात सुरू करू. हे जे 'एक तारखेपासून' आहे ना, ते सुट्टीतल्या सगळ्या गोडधोडापेक्षा आणि तळणापेक्षा महाग पडतं असं माझं मत झालंय, आणि आज भांडायचंय ते त्याच्याशीच.

सुट्ट्या जवळ आल्या की सल्ले देणाऱ्यांचे दोन गट पडतात. एक म्हणतो, चार दिवस तर आहेत, मजा करा, चार दिवसांनी काय होतंय. दुसरा म्हणतो, शिस्त म्हणजे शिस्त, आधी पोटभर सॅलड खाऊन मग पंगतीला बसा, लिफ्ट सोडा, छोटी प्लेट घ्या वगैरे वगैरे. पहिला गट ऐकायला गोड वाटतो, दुसरा ऐकून आपल्याला आपलीच लाज वाटते, आणि दोघांच्याही डोक्यात सुट्टी म्हणजे परीक्षा, एकाच्या मते ती बुडवायची आणि दुसऱ्याच्या मते त्यात पहिला नंबर काढायचा.

आता आकडे बघू, कारण या बाबतीत आकडे जरा मजेशीर आहेत. २००० साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक अभ्यास छापून आला होता, अमेरिकेतल्या १९५ प्रौढांचं वजन सुट्ट्यांच्या आधी, सुट्ट्यांमध्ये आणि नंतर मोजलं होतं. तोपर्यंत सगळेजण धरून चालले होते की सुट्ट्यांमध्ये माणूस दोन-तीन किलो वाढतो. प्रत्यक्षात सरासरी वाढ निघाली ०.३७ किलो. म्हणजे चारशे ग्रॅमसुद्धा नाही. आणि लोकांना स्वतःला विचारलं तर त्यांना वाटत होतं की आपण याच्या कितीतरी पट वाढलोय. इथपर्यंत पहिला गट खूश होणार, पण थांबा, त्याच लोकांना पुढच्या उन्हाळ्यानंतर परत मोजलं तर ती सरासरी वाढ उतरलेलीच नव्हती. आता हिशोब तुम्हीच करा, वर्षाला साडेतीनशे-चारशे ग्रॅम, कुणाच्या लक्षातही न येणारे, आणि दहा वर्षांनी तेच साडेतीन-चार किलो, आणि मग आपण म्हणतो की वय झालं की वजन वाढतंच हो.

बरं, हा एका देशाच्या खाण्यापिण्याचा दोष म्हणावा तर तेही नाही. २०१६ साली अमेरिका, जर्मनी आणि जपान अशा तीन देशांतल्या जवळपास तीन हजार लोकांच्या वायरलेस वजनकाट्यांचा डेटा तपासला होता. तिन्हीकडचं खाणं वेगळं, सण वेगळे, महिनेसुद्धा वेगळे, जपानमध्ये तर वसंतातल्या 'गोल्डन वीक'च्या सुट्टीतही ग्राफ वर चढलेला. ज्याची त्याची मोठी सुट्टी आली की ज्याचा त्याचा काटा हलतो. त्यामुळे अमुक पदार्थ विष आणि तमुक पदार्थ अमृत ही चर्चा मला तरी फारशी कामाची वाटत नाही, गडबड ताटात कमी आणि रुटीन मोडण्यात जास्त आहे.

तरीपण सुट्टीवरून आल्यावर काटा दोन किलो जास्त दाखवतो त्याचं काय? हा अनुभव सगळ्यांचा आहे आणि इथेच खरी माती होते. एक किलो चरबी साठायला ढोबळमानाने ७७०० कॅलरी जास्तीच्या लागतात. दोन दिवसांत दोन किलो चरबी वाढायची तर रोजच्या गरजेपेक्षा पंधरा हजार कॅलरी वर खायला पाहिजेत, म्हणजे साधारण आठवड्याभराचं जेवण रोजच्या जेवणावर आणखी चढवायचं, तेही दोनच दिवसांत, कितीही खादाड असलात तरी जमणार नाही. मग काटा खोटं बोलतो का? तसंही नाही. शरीर पिठूळ आणि गोड पदार्थांमधली साखर ग्लायकोजेन म्हणून स्नायूंमध्ये आणि यकृतात साठवून ठेवतं, आणि एका ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी अडकून बसतं. शिवाय जास्त मीठ खाल्लं की पाणी थांबतं, पोटात अन्न असतं ते वेगळंच. यातलं बरंचसं नेहमीच्या जेवणावर आलात की चार-पाच दिवसांत निघून जातं. पण आपण त्या चार-पाच दिवसांपर्यंत टिकतच नाही ना! काट्यावरून उतरतो, 'गेलं सगळं पाण्यात' म्हणतो (गंमत म्हणजे खरोखरच पाणीच असतं), काटा पायाने पलंगाखाली ढकलतो आणि उरलेला डबा संपवायला घेतो.

याचा एक जुना प्रयोग आहे, १९७५ सालचा. डाएट सांभाळणाऱ्या आणि न सांभाळणाऱ्या विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक दिला आणि मग आइस्क्रीम चाखायला बसवलं, हवं तेवढं खा म्हणून. डाएटची फिकीर नसलेल्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं, पोट भरलेलं होतं, साधी गोष्ट. डाएट सांभाळणाऱ्या मुलींनी मात्र मिल्कशेक प्यायल्यावर उलट जास्त खाल्लं, कारण नियम मोडलाच होता, मग आता कशाला सोडा. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात तसं. मला हा प्रयोग वाचल्यावर माझ्या सगळ्या सुट्ट्या डोळ्यासमोर आल्या. माझं नुकसान पहिल्या ताटाने कधीच केलेलं नाही, पहिल्या ताटानंतर मी जो काही निकाल जाहीर करतो ना, त्याने केलंय.

आणि तो निकाल असतो 'एक तारखेपासून'. आता मी नवीन सुरुवातीच्या विरोधात नाही हां. वर्षाचा पहिला दिवस, सोमवार, वाढदिवस, अशा तारखांना माणसं खरोखरच जास्त प्रमाणात जिमला जातात, डाएटबद्दल शोधाशोध करतात, हे २०१४ साली आकडेवारीने दाखवून झालंय. आणि संकल्प करणारे सगळे फेल जातात ही जी एक टिंगल असते तीही खरी नाही. २००२ मधल्या एका अमेरिकन अभ्यासात सहा महिन्यांनंतर संकल्प करणाऱ्यांपैकी ४६ टक्के लोक टिकून होते, आणि तीच इच्छा असून संकल्प न करणाऱ्यांपैकी फक्त ४ टक्के. म्हणजे संकल्प करण्यात दम आहे. माझा राग तारखेवर नाही, तारखेच्या नावाखाली आधीचे पंधरा दिवस जे मोफत वाटून टाकले जातात त्याच्यावर आहे. एक तारीख येणार आहे म्हणून आज सोडून द्यायचं, आणि मग एक तारखेला आपण शून्यावरून पण नाही, उणेवरून सुरू करतो, झोप बिघडलेली, अंग जड, आणि डोक्यात अपराधीपणा. अशा अवस्थेत माणूस साहजिकच मोठाले वायदे करतो, वर्षभराची मेंबरशिप वगैरे. जिमच्या मेंबरशिपवर २००६ साली एक अभ्यास आला होता, साडेसात हजारांहून जास्त मेंबरांचा, त्यात महिन्याची फी भरणारे लोक महिन्यातून सरासरी ४.३ वेळा जात होते. आठवड्याला एकदा! तेही पैसे भरून. आणि मी हसतोय खरा, पण माझी सरासरी ४.३ च्या खालीच होती, एकदा तर फक्त कार्ड हरवलं म्हणून कळवायला गेलो होतो.

मग करायचं काय? माझं उत्तर थोडं निराश करणारं आहे, पण माझ्यासाठी तेवढंच चाललंय. सुट्टीत सुधारणा करायची नाही. वजन कमी करायचं नाही, वेग वाढवायचा नाही, नवीन काही शिकायला घ्यायचं नाही. आहे ते राखायचं, बस. आणि राखायला लागणारा खर्च कमवायला लागणाऱ्या खर्चापेक्षा इतका कमी आहे की ते कळल्यावर मला जरा फसवल्यासारखंच वाटलं, कारण हे मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं. व्यायामशास्त्रात यावर बरंच काम झालंय. दम कमावला असेल तर आठवड्यातून दोनच वेळा व्यायाम करून, किंवा वेळ १३ ते २६ मिनिटांवर आणून, तो जवळपास १५ आठवडे टिकवता येतो. अट एकच, जेवढा वेळ कराल तेवढा वेळ जोर नेहमीचाच हवा, रमतगमत केलं तर नाही चालणार. ताकदीचं तर आणखी सोपं, तरुण माणसाने आठवड्यातून एकदा, प्रत्येक व्यायामाचा एकच सेट, पण वजन नेहमीएवढं, एवढं केलं तरी ताकद ३२ आठवडे टिकल्याची नोंद आहे. वय झालेल्यांना जरा जास्त, म्हणजे आठवड्यातून दोनदा, दोन-तीन सेट लागतात. आणि इथे आपण पंधरा दिवसांच्या सुट्टीबद्दल बोलतोय!

उलट पूर्णच सोडलं तर? चांगला सराव असलेल्या माणसाचा दमसुद्धा दोन-तीन आठवड्यांत सात टक्क्यांच्या आसपास उतरतो, कारण सगळ्यात आधी रक्तातलं पाणी कमी होतं आणि हृदय एका ठोक्याला कमी रक्त ढकलतं. सात टक्के म्हणजे काही आभाळ कोसळत नाही, पण परत आल्यावर पहिल्या दिवशी जी धाप लागते ती या सात टक्क्यांची असते, आणि त्या धापेनेच दुसऱ्या दिवशी उठायची इच्छा जाते. माझं तरी असंच होतं.

म्हणून मी आता प्रत्येक ध्येयाची दोन मापं शिवून ठेवतो, एक रोजचं आणि एक सुट्टीचं. रोजचं ४० मिनिटं पळणं, सुट्टीचं १५ मिनिटं पण धाप लागेल असं, दिवसाआड. रोजचं २० पानं वाचन, सुट्टीचं दोन पानं, झोपायच्या आधी, उशीपाशी. भाषा शिकत असाल, हिशोब लिहीत असाल, सिगारेट सोडत असाल (सिगारेटला अर्थातच सुट्टीचं माप नसतं, तिथे शून्य म्हणजे शून्य), बाकी सगळ्याला छोटं माप असू शकतं. महत्त्वाचं हे की ते माप सुट्टीच्या आधी ठरवायचं, घरी, शुद्धीवर असताना. तिथे गेल्यावर ठरवायला बसलात की मेंदू वकिली सुरू करतो आणि माझा मेंदू तर फार मोठा वकील आहे.

यात पण एक युक्ती आहे आणि ती खरंच चालते. 'व्यायाम करीन' असं न म्हणता 'सकाळी दात घासून झाले की बूट घालीन आणि दाराबाहेर जाईन' असं ठरवायचं, म्हणजे कधी, कुठे, कशानंतर, सगळं आधीच बांधून टाकायचं. १९९७ मध्ये जर्मनीत मानसशास्त्रज्ञांनी हे नेमकं सुट्टीवरच करून बघितलं. विद्यार्थ्यांना सांगितलं की नाताळची आदली संध्याकाळ कशी घालवली त्याचा रिपोर्ट दोन दिवसांत लिहून पाठवा. विचार करा, ऐन सुट्टीत गृहपाठ! अर्ध्या मुलांकडून आधीच लिहून घेतलं की तुम्ही हे कधी आणि कुठे बसून लिहिणार. नुसतं हो म्हणणाऱ्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुलांनी वेळेत पाठवला, जागा-वेळ ठरवणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशाहून जास्त मुलांनी. इच्छा दोन्हीकडे सारखीच होती. माझ्या बुटांची गाठ का सुटत नव्हती ते मला हे वाचून कळलं, बूट बॅगेच्या तळाशी होते, दाराशी नव्हते, आणि 'पहाटे' ही काही वेळ नव्हे, ती नुसती हौस.

आणि एखादा दिवस चुकला तर? चुकणारच. लंडनमध्ये २०१० साली ९६ लोकांवर सवयीचा अभ्यास झाला, एखादी गोष्ट न विचार करता आपोआप व्हायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला (त्यामुळे ते २१ दिवसांचं जे सगळीकडे फिरत असतं ते डोक्यातून काढून टाका). आणि मधे एक दिवस चुकला तर सवय लागण्यावर फारसा फरक पडला नाही. १९८८ मधल्या आणखी एका अभ्यासात २०० संकल्पवाल्यांचा दोन वर्षं पाठपुरावा केला, शेवटी १९ टक्के टिकले, आणि त्या यशस्वी लोकांपैकीसुद्धा अर्ध्याहून जास्त लोक घसरले होते, दोन वर्षांत सरासरी १४ वेळा. चौदा वेळा पडून जे परत उठले त्यांनाच आपण 'विलपॉवरवाला माणूस' म्हणतो.

वजनकाट्याबद्दल एक सांगायचं राहिलं. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला २७२ लोकांवर झालेली एक ट्रायल २०१८ मध्ये छापून आली, अर्ध्यांना सांगितलं की सुट्ट्यांमध्ये आठवड्यातून निदान दोनदा वजन करून लिहून ठेवा, सोबत दहा साधे नियम दिले आणि कुठला पदार्थ जिरवायला किती चालावं लागतं याचा तक्ता दिला. दुसऱ्या अर्ध्यांना नुसतं माहितीपत्रक. शेवटी दोन्ही गटांत साधारण अर्ध्या किलोचा फरक पडला, पहिला गट जागच्या जागी राहिला आणि दुसरा वाढला. अर्धा किलो ऐकायला किरकोळ आहे पण मघाचे ०.३७ आठवा, म्हणजे सुट्टीतली सगळी वाढच वाचली. मला यातला काटा पटतो, तक्ता नाही पटत. माणसं जमलीत, कुणीतरी हौसेने केलेलं ताटात वाढलंय आणि मी मनात मोजतोय की हे म्हणजे २१ मिनिटं पळणं, असं जेवण मला नको. आणि ज्यांचं खाण्याशी नातं आधीच बिघडलेलं आहे, उपाशी राहणं, मग तुटून पडणं, मग स्वतःला शिक्षा, त्यांनी तर काटा आणि तक्ता दोन्ही लांबच ठेवावं, त्यांच्यासाठी हा सल्ला औषध नाही, आजार वाढवणारा आहे.

चार माणसांत बसलं की माणूस जास्त खातो हेही सिद्ध झालेलं आहे, आणि ओळखीची, जवळची माणसं असली की आणखीच जास्त. कारण जेवण लांबतं, हात रिकामा बसत नाही. यावर उपाय म्हणून लोक एकटे जेवा म्हणणार असतील तर मी त्या तब्येतीला लांबूनच नमस्कार करतो. पण आग्रह करणाऱ्यांशी मात्र माझं भांडण आहे. 'घे रे, एकाने काय होतंय', 'आमच्याकडचं आवडलं नाही वाटतं', 'डाएट-बिएट तुझ्या घरी' हे जे चालतं ना, त्यात प्रेम असतं, नाही असं नाही, पण समोरच्याला डायबिटीस असेल, त्याला दारू सोडून तीनच महिने झालेले असतील, त्याने हे सगळं दहा जणांसमोर सांगायचं का? एकदा नको म्हटलं की विषय संपला, एवढा साधा नियम जरी घराघरात पाळला तरी कितीतरी लोकांची सुट्टी सुखाची जाईल, आणि याला एक पैसा लागत नाही.

आता जे मला खरं तर आधीच लिहायला हवं होतं ते. एका सुट्टीत, एकदाच, बूट पिशवीतून बाहेर आले होते. सगळं कुटुंब एकत्र जमलं होतं, चौदा माणसं. मी ठरवल्याप्रमाणे सकाळी सातला बाहेर पडलो, पळून आलो, घाम पुसत दारात उभा राहिलो आणि जरा ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो की ठरवलं की जमतं हो, वेळ काढावा लागतो. वहिनी ओट्यापाशी होत्या, चौदा जणांचा नाश्ता चालला होता, केसाला क्लिप, एका हातात झारा. मागे वळूनसुद्धा न बघता म्हणाल्या, "भावजी, तुम्ही वेळ काढलात तो माझ्यातनं काढलात."

मी हसलो तेव्हा. नंतर नाही हसू आलं. कारण खरंच आहे, सुट्टीतल्या तब्येतीवरचे सगळे सल्ले ज्याला उद्देशून लिहिलेले असतात त्या माणसाच्या हातात झारा नसतो. ताट कुणीतरी वाढणार, भांडी कुणीतरी घासणार, मुलं आणि म्हातारी माणसं कुणीतरी सांभाळणार हे धरूनच 'स्वतःसाठी वेळ काढा' म्हटलं जातं. वहिनींना गुडघेदुखीसाठी डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलंय आणि एरवी त्या चालतात, पण सुट्ट्या आल्या की त्यांचं चालणं पहिल्या दिवशी बंद होतं आणि त्याला कुणी 'संकल्प मोडला' म्हणत नाही, त्याला 'घरात पाहुणे आहेत' म्हणतात. दिवसभर उभं राहणं, शेवटी सगळ्यांचं झाल्यावर ओट्याला टेकून उरलंसुरलं खाणं, रात्री सगळ्यांत उशिरा झोपून सकाळी सगळ्यांच्या आधी उठणं. आणि एक तारखेला घरातला पुरुष जिम लावतो! सुट्टीत तब्येत सांभाळणं हा इच्छाशक्तीचा प्रश्न आहे असं आपण म्हणतो तेव्हा कामाच्या वाटणीचा प्रश्न आपण अलगद सतरंजीखाली सरकवत असतो, असं मला आता वाटतं. चौदा माणसांत सकाळचा एक-एक तास वाटून घेतला तर चौदा जणांचं चालणं होतं, एकीवर टाकला तर तेराजणांचं होतं, तेही ते उठले तर.

झोपेचं थोडक्यात सांगतो. रात्री कितीही वाजू देत, सकाळी उठायची वेळ तासाभरापेक्षा जास्त सरकवू नका. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण तासभरच सरकतं, तुम्ही चार तास सरकवलंत तर न उडता विमानप्रवासाचा थकवा येतो, याला 'सोशल जेटलॅग' असं नावच आहे. दुपारी वीस मिनिटं आडवे व्हा की, सुट्टीच तर आहे.

दारूचं मात्र थोडक्यात उरकून चालणार नाही. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 'हॉलिडे हार्ट' असं नाव दिलं एका प्रकाराला, सुट्ट्या आणि वीकेंडला भरपूर पिऊन हृदयाचे ठोके अनियमित झालेले पेशंट, त्यातल्या कितीजणांना आधी हृदयाचा काही आजार माहीतही नव्हता. आणि स्वीडनमध्ये १९९८ ते २०१३ या सोळा वर्षांतले २ लाख ८३ हजार हार्ट अटॅक तपासले तर नाताळच्या आदल्या दिवशी धोका ३७ टक्के जास्त निघाला, वयस्कर, डायबिटीसवाले आणि आधीच हृदयाचा त्रास असलेले यांना सगळ्यात जास्त. म्हणजे घरातल्या साठी-सत्तरीच्या माणसांना 'अजून एक घ्या' म्हणण्याआधी त्यांच्या गोळ्या बॅगेत आल्यात का ते विचारलेलं बरं. आणि छातीत दुखत असताना 'सगळे जमलेत, उगाच कशाला रंगाचा बेरंग' म्हणून गप्प बसणारी माणसं प्रत्येक घरात असतात, ती सकाळपर्यंत थांबतात. त्यांना थांबू देऊ नका, एवढं एक काम सुट्टीतल्या कुठल्याही डाएटपेक्षा मोठं आहे.

ध्येय कसं लिहावं याबद्दल स्वीडनचाच आणखी एक अभ्यास आहे, २०२० सालचा, हजारभर लोकांचा. 'हे सोडीन, ते टाळीन' म्हणणाऱ्यांपैकी ४७ टक्के वर्षाअखेर यशस्वी झाले, 'हे करीन' म्हणणाऱ्यांपैकी ५९ टक्के. म्हणून मी गोड बंद वगैरे काही लिहीत नाही आता. गोड खातोच. बूट घालीन, दोन पानं वाचीन, सातला उठीन, एवढंच लिहितो.

आणि यात एक चौथी ओळ वाढलीय, ती वहिनींनी स्वतःच्या हाताने लिहिलीय, की सुट्टीत एक दिवसाआड सकाळचा नाश्ता भावजी आणि त्यांचे बंधू करतील. गेल्या सुट्टीत पहिल्यांदा केला. दोघेही भाऊ ओट्यापाशी, मीठ कुठल्या डब्यात आहे यावरून वाद, चौदा माणसांना किती लागतं याचा अंदाज पूर्ण चुकलेला. वहिनींनी दाराशी उभं राहून पायात बूट सरकवले, माझेच, त्यांना दोन नंबर मोठे होतात म्हणून पुढे कागद कोंबलेला, आणि गेल्या. चाळीस मिनिटांनी आल्या तेव्हा घरभर धूर होता. त्यांनी बूट काढले, नीट दाराशी ठेवले, आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "खिडकी उघडा आधी. परवा मी सहालाच जाणारे."